ठणकतं की ठसठसतं

"कसं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं,
वर न बघता.
छापील कागदावर तीन पर्याय होते,
चौथा 'इतर'.

मी म्हटलं, सकाळी ठणकतं,
दुपारी ठसठसतं,
प्रभादेवीच्या प्रेसमधून सुटते तेव्हा
डाव्या भुवईच्या आत एक सणक येते,
आणि रात्री, दुखत नाही तसं,
नुसतं भणाणतं,
मांडव निघालेल्या दारासारखं.

त्यांनी 'इतर'वर खूण केली.

सहा वर्षं.
चष्म्याचा नंबर तीनदा बदलला.
अक्कलदाढ काढली, ती निरोगी निघाली.
सायनस म्हणाले, मग मान म्हणाले,
मग मणक्यांमधली जागा,
मग "घरी काही टेन्शन?"
होतं ना. डोकं दुखायचं.

मी पंचांगाची प्रुफं वाचते.
तिथी, नक्षत्र, राहुकाळ,
मुंगीएवढ्या टायपात बारा महिने.
शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या, अवसेला चढत असेल बघ.
मी ताडून पाहिलं. छत्तीस अवसा.
नाही चढत. चतुर्थीलाही नाही.
माझं डोकं कुठल्याच पंचांगात बसत नाही,
त्याचा अधिक महिना बारमाही.

मशीनमध्ये घातलं तेव्हा
केसांतली पिन, जोडवी, मंगळसूत्र
एका प्लास्टिकच्या ट्रेत ठेवलं.
हलू नका, म्हणाले.
वीस मिनिटं कुणीतरी पत्रे बडवत होतं
आणि मी, कसं सांगू,
आत पडल्यापडल्या मागत होते
की काहीतरी सापडू दे.
वाटाण्याएवढं नको,
मोहरीएवढं चालेल.
पण नाव असलेलं.

रिपोर्ट आला: सगळं नॉर्मल.
जयवंत पाव किलो पेढे घेऊन आला.
देवापुढे ठेवले, मग माझ्या हातावर.
केशर होतं त्यात.
मी ओट्याशी उभी राहून रडले,
तर सासूबाई म्हणाल्या,
आनंदाचे आहेत, वाहू दे.

परळच्या ओपीडीत केसपेपरची रांग
जिन्याखालून वळते.
तिथे भेटले यल्लप्पा धोत्रे, मानखुर्दचे.
पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचे दारोदार.
मिक्सर आले, म्हणाले, हात मोकळे झाले,
आन् हे सुरू झालं.
त्यांच्याही पिशवीत तेच मोठं पाकीट.
त्यातही काही नाही.

मी विचारलं, कसं दुखतं?
सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच
मी दुसऱ्याला विचारत होते.
ते बराच वेळ जिन्याकडे बघत राहिले.
"दुखत न्हाई, बाई. आतून टाकी लावतंय कुणीतरी.
दगूड गुळगुळीत झाला की लावावीच लागती.
न्हाईतर त्याच्यावर काई वाटलं जात न्हाई."
मग त्यांचा नंबर पुकारला.
चप्पल ओढत गेले आत,
पाकीट माझ्याकडे विसरून,
आणि परत आले ते घ्यायला.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे.
वार, वेळ, काय खाल्लं, एक ते दहा.
मनवाच्या जुन्या भूगोलाच्या वहीत
मागून सुरुवात केली.
पानं उलटली की कळतं,
त्या दिवशी भेंडी होती,
पाणी दोन तास उशिरा आलं,
मनवाचा निकाल लागला: सात.
जयवंतशी कडाक्याचं भांडण: तीन.
असं का, मलाही माहीत नाही.

आज लिहिलं:
मंगळवार, साडेतीन, डाळभात.
आकड्याच्या जागी 'टाकी'.
डॉक्टर काय म्हणतील म्हणून खोडलं.
मग खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली
आणि समासात,
प्रेसमध्ये लिहितो तसं,
बारीक अक्षरात: कायम.

पुढची तारीख अठ्ठावीस.
चतुर्दशी आहे.