कोड नव्व्याण्णव

चारशे बारा फॉर्म, फॉर्ममागे वीस शिलिंग.
मला फक्त आकडे भरायचे होते.

पहिला प्रश्न: ‘सामाजिक उद्योग’ हा शब्द तुम्ही ऐकला आहे का?
बहुतेकांनी ऐकला होता.
कॉमर्सवाल्यांनी तर व्याख्याही लिहून दिली,
साठ जणांची एकच, स्वल्पविरामासकट.
कृषीच्या एकाने विचारलं, जेवण कधी आहे?
‘आवड’ या शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ मारून:
कुणाची?

दोनशे सहावा फॉर्म अदोयोचा.
नावाला रकाना नव्हता, तिने कोपऱ्यात लिहिलं होतं.
खुरपणीच्या दिवसांत जन्मलेल्या मुलीला
आम्ही लुओ लोक हे नाव देतो.
शब्द ऐकला आहे? नाही.
अशा कामातलं कुणी ओळखीचं? नाही.
पदवीनंतर असं काही करायला आवडेल?
पर्याय चारच होते,
कुणी कुंपणावर बसू नये म्हणून.
तिने सहमत आणि असहमत यांच्या मधल्या
रेघेवरच फुली मारली,
इतकी दाबून, की कागद फाटला.

उलटून बघितलं. मागे हिशोब.
जलपर्णी, वाळलेली, अकरा भारे.
दोरी. वार्निश.
मोटरसायकलचं भाडं, दोनदा.
पाच जणी, रोज दोनशे.
टोपल्या तेवीस, परत आल्या चार.
आणि तळाशी, दुसऱ्या पेनाने:
आई म्हणते, ह्याला धंदा म्हणतात होय?
होड्यांना वाट होते, बायकांची पोरं शाळेत जातात,
आपल्या हाताला उरतो तो चिखलाचा वास.
त्याखाली, बारीक:
माझी मजुरी धरायची राहिली.

डॉक्टर ओगोलांना दाखवलं.
चहा ढवळत म्हणाले, रेघेवर उत्तर नसतं, ओमोलो.
नव्व्याण्णव टाक.
नव्व्याण्णव म्हणजे माहिती उपलब्ध नाही.
टाकलं.
तक्त्यात ती ‘अनभिज्ञ’ झाली,
एकवीस टक्क्यांत.

शनिवारी मासळी आणायला किसुमूच्या धक्क्यावर गेलो.
आखात हिरवंगार, होड्या जागच्या जागी रुतलेल्या.
पाच बायका कमरेइतक्या पाण्यात
आणि काठावर एक मुलगी, टोपल्यांपाशी,
नखांत काळं, मांडीवर अकाउंट्सचं पुस्तक.
तीच असेल असं नाही.
नाव विचारावं, तर मी कोण म्हणून सांगू?

कितीला, म्हणालो.
तिने किंमत सांगितली.
मग जरा थांबली,
पाण्यातल्या बायकांकडे बघितलं
आणि वीस शिलिंग वाढवून पुन्हा सांगितली.