अर्धा ज्यूल

बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात मिळाला.
पिंजरा नको, चाप हवा,
हे दोनदा सांगावं लागलं.
"केवढा आहे उंदीर?"
"दहा मीटर गेला पाहिजे," हर्षाली म्हणाली.
दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि वीस रुपये जास्त लावले.

मी भोसरीत मोटरचं वाइंडिंग करते.
एकवीस वर्षं. तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटून,
आणि शेवटी सुती दोऱ्याची गाठ, अशी की
मोटर जळेल पण गाठ सुटणार नाही.
म्हणून आसावर दोरा गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं.

बाकी सगळं तिचं.
चापाला सायकलची तार बांधून तिनं दांडी लांब केली.
मी म्हटलं, जोर कमी होईल.
होऊ दे, ओढ लांबते.
जोर गुणिले अंतर, एकूण तेवढंच राहतं.
एकूण तेवढंच राहतं
हे मला माझी पगाराची स्लिप शिकवते.

पुढे गोळ्यांच्या बाटल्यांची झाकणं.
मागे माझ्या लग्नाच्या सीड्या, भाग एक, भाग दोन.
भाग दोनमध्ये पाठवणी आहे.
बघायला यंत्रच उरलं नाही घरात,
बघावंसं कुणाला वाटतही नाही.
चाक मोठं, आस बारीक:
दोरा पेरभर सुटला की गाडी हातभर पुढे.

पण सीडीची कड गुळगुळीत, जागच्या जागी फिरली.
मग वाढदिवसाचा फुगा कापून
तिनं दोन्ही भागांना चढवला.
आसाला शिवणमशीनचं तेल, कडेला रबर.
एकाच घर्षणाशी दोन वागणुकी,
सासरी असतात तशा.

किती ताकद आहे गं ह्यात सगळी मिळून?
"अर्धा ज्यूल," वहीत बघून म्हणाली.
म्हणजे लहानसा पेरू अर्धा मीटर उचलायला लागते तेवढी.
मी पेरू उचलून पाहिला,
ताटापासून तोंडापर्यंत.
एवढ्यात?

रात्री दहाला, बुट्टे काकूंच्या चपला सरकवून
मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लावली.
धाडकन काहीच झालं नाही.
दमलेल्या माणसानं हात खाली घ्यावा
तशी दांडी उतरू लागली
आणि माझं लग्न फिरलं,
ट्यूबलाइटचे रंग भिंतीवर फेकत.
सातव्या दाराशी दोरा संपला.
गाडी पुढे जायला बघत होती,
थबकली,
आणि उलटी फिरून दोन दारं मागे आली.

हर्षाली पालथी पडून आसाकडे बघत राहिली.
"आई, तू गाठ मारलीस."
मारली होती. हाताला विचारायची सवय नाही.
दोरा संपला तरी गाठ धरून ठेवते,
मग तो उलटा गुंडाळायला लागतो,
दांडी उठते, चाप मागे खेचतो,
दिलेलं परत मागतो.
"दोऱ्याला कडी करायची, खिळ्यावर नुसती अडकवायची.
शेवटचा वेढा सुटला की गळून पडली पाहिजे.
पुढचं गाडी बघेल."

गाठ ब्लेडनं कापली, सुटेचना.
दुसऱ्यांदा गुंडाळताना
शेवटाशी माझा हात दोनदा थांबला.

शाळेच्या हॉलमध्ये तेरा मीटर चाळीस. तिसरा नंबर.
पहिल्या मुलाच्या गाडीला खरी बेअरिंगं होती,
हर्षालीनं ती वाकून, नीट बघून घेतली.
मी दोरा बघत होते.
नवव्या मीटरला गळला, कुणाच्या लक्षात न येता.
त्यानंतरचे चार मीटर चाळीस
तिला कुणीच ओढत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये विचारलं,
तो अर्धा ज्यूल आता कुठे असेल?
आसात, हवेत, थोडा आवाजात.
फरशी जराशी गरम झाली असेल, म्हणाली,
मोजता येणार नाही इतकी.
नाशिक फाटा येईपर्यंत झोपली.

गाडी फ्रिजवर आहे.
चाप मात्र मी काढून घेतला,
सिंकखाली खरंच उंदीर झालेत.
लांब दांडी उतरवली, लाकडाला भोकं तेवढी राहिली.
काल रात्री खोबऱ्याचा तुकडा लावला.
सकाळी तुकडा नव्हता.
चाप तसाच, ताणलेला,
अर्धा ज्यूल जसाच्या तसा.