अपवाद

गुरुवारी पाणी बंद, म्हणून शाळेच्या संडासाला कुलूप,
आणि आमचा गट नेमका गुरुवारी.
दांडेकर पुलाजवळची मनपा शाळा, सहावी ब.
बाकं लहान, पुरुष मोठे;
गुडघे मावत नाहीत म्हणून सगळे तिरके बसतात,
निघायच्या बेतात असल्यासारखे.

"हात उठला, मॅडम."
फळ्यावर सकाळचं व्याकरण अजून पुसलेलं नाही.
मी विचारते, कोणाचा हात?
आपोआप उठला का, उकळी आल्यावर झाकण उठतं तसा?
हसतात. मग हसायचे थांबतात.
एके दिवशी वाघोले म्हणाले,
"मी मारलं. कांताला. पोळपाटानं."
चार शब्दांना चार महिने लागले.
मला आनंद झाला,
आणि बसमध्ये त्या आनंदाची लाज वाटली.

मंडईमागे चाव्या बनवतात ते.
आमच्या ऑफिसचं फायलींचं कपाट पावसाळाभर अडून बसलेलं,
त्यांनी कानशीनं दहा मिनिटांत सोडवलं.
पैसे घेतले नाहीत. मी द्यायलाच हवे होते.

पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं:
इथलं इथेच राहील, एक अपवाद सोडून.
सगळे माना डोलावतात,
न वाचता अर्जावर सही करावी तशा.

आज चहा पिताना सहज म्हणाले,
ती धायरीला बहिणीकडे राहते ना,
पोराच्या दप्तरात चावी दिसली. नुसती पाहिली.
दुकानात जाऊन करून ठेवली एक.
"वापरणार नाही. खिशात असली की झोप लागते."
दाखवली. पितळी, नवी, दात अजून धारदार.

मी मागितली. त्यांनी दिली.
दुसरी करायला त्यांना चार मिनिटं पुरतात.
मग त्यांच्यासमोरच सांगितलं,
मी आता कांताताईंना फोन करणार आहे.
"तुम्ही पण, मॅडम?"
मी पण.

फोनवर ती आधी काही बोललीच नाही.
मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणाली, "कधीपासून आहे त्याच्याकडे?"
ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

रात्री अहवालात लिहून गेले,
'संबंधितांना कळवण्यात आले.'
खोडलं.
मी कळवलं.

पुढच्या गुरुवारी ते यावेत असं वाटतंय,
त्याच बाकावर, तसेच तिरके.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

समोर कपाट. आत तिचा धायरीचा पत्ता.
उद्या सकाळी दुसरा कुलूपवाला बघायला हवा.