उघडीप

सतरा दिवसांनी आज कौलांतून वाफ निघाली.
वहिनीनं गाद्या बाहेर काढल्या,
आणि मी गळ.

असोग्याच्या वळणाला मलप्रभा अजून तांबडीच,
खानापूरच्या कौलभट्टीची उरलेली माती
कुणी रात्रीतून तिच्यात कालवल्यागत.
बसवाण्णी आधीच येऊन बसलाय
खताचं पोतं अंथरून,
अर्धं माझ्यासाठी सोडून.

"नीर केंप ऐती," तो म्हणाला.
"लालच की. आज काय लागत नाही बघ," मी.
सकाळचं बोलणं तिथंच संपलं.

जोंधळ्याच्या ताटाचे दोन तरंगे
काठच्या संथ पाण्यात उभ्या उभ्या पेंगतात.
पलीकडं कुणाची तरी म्हैस
शिंगाला शेवाळ गुंडाळून वर येते,
आम्हांला बघते,
पुन्हा बुडते.
पायाशी एक कुर्ली
बिळातला चिखल बाहेर लोटतेय,
तिच्याही घरात पाणी शिरलं असणार.

भडंगाची पुडी सोडली तेव्हा वारा फिरला,
रताळ्याच्या भिजक्या वेलांचा वास
इकडं आला.
मग बराच वेळ काही नाही.

एक तरंगा हलला.
त्याचा की माझा, कळलं नाही,
दोघांनीही पाहिला,
आणि कुणीच ओढला नाही.
पाठीवर ऊन होतं,
उठावं लागलं असतं.

दिवेलागणीला वहिनीनं पिशवी उलटी करून झटकली.
"दिवसभर बसून मिळालं काय?"
"अंगावरचा शर्ट वाळला," म्हणालो.

तिच्या गाद्या अजून दमटच होत्या.