डावीकडची जागा

कोल्हापुरात दोन वर्षं फोटोग्राफी शिकलो.
मास्तरांनी काचेवर खिळ्याने
दोन उभ्या, दोन आडव्या रेघा ओढून दिल्या होत्या.
मधोमध काही ठेवायचं नाही, म्हणायचे,
रेघा एकमेकींना कापतात तिथे ठेवा.
तो नऊ घरांचा पट डोळ्यांत घेऊन
देवगडला परत आलो, जेटीच्या चढणीवर दुकान घातलं,
आणि सात वर्षं पासपोर्टचे फोटो काढले.
सगळे मधोमध.
दोन्ही कान दिसले पाहिजेत.

रविवारी मात्र खाली पुळणीवर.
क्षितिज वरच्या तिसऱ्या हिश्शात,
होडी उजव्या कोपऱ्यात, नाळ आतल्या बाजूला,
म्हणजे नजर चौकटीबाहेर सांडत नाही.
बरे यायचे फोटो.
एक तर पतपेढीच्या कॅलेंडरवर लागला,
फेब्रुवारीत.

तिथेच द्वारका तारी जाळ्यावर बांगडे वाळत घालायची.
एकदा म्हटलं, मावशी, ही चारपाच जरा सरकवतो,
मधल्या मोकळ्या पट्टीत. फोटो भरल्यासारखा दिसेल.
"हात लावू नको."
मग टोपली खाली ठेवून
लहान पोराला सांगावं तसं सांगितलं:
तोंडं वाऱ्याकडे,
दोन माशांत बोट जाईल एवढं अंतर,
जाळ्याची कड इथून पुढे, कारण
नवापर्यंत माडांची सावली इथवर असते.
आणि ही पट्टी?
"मगे मी खयसून चलू?"

मला वाटत होतं
रिकामी जागा डोळ्याच्या विसाव्यासाठी असते.

दिवाळीनंतर ती घरच्यांना घेऊन दुकानात आली.
नवरा खुर्चीत, सून मागे, नातवंडं पुढे.
मी बसवलं, तिने उठवलं.
एकेकाला दंडाला धरून उजवीकडे सरकवलं,
पडद्यावरचा रंगवलेला धबधबा
अर्धा उघडा पडेपर्यंत.
फोटो कलंडतोय मावशी.
"हयसर जागा ठेव. अंकुश जहाजार हा.
मगे चिकटव तेका."
उंची किती? तर तिने हवेत हात धरला,
कपाळाच्या जरा वर,
आणि तो हात खाली घ्यायला विसरली.
तेवढ्यात धाकटी नात त्या जागेत शिरली,
सुनेने तिला मागे ओढायला हात लांबवला,
माझं बोट दाबलं गेलं.

दुसरा काढू म्हटलं. नको म्हणाली.

अंकुशचा एकच फोटो माझ्याकडे. मीच काढलेला.
मधोमध, दोन्ही कान.
दोन रात्री संगणकासमोर बसून
त्याला कापला, मोठा केला, खांद्याखाली
दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट जोडला.
बाकीच्यांवर उजेड खिडकीतून तिरका,
त्याच्यावर समोरून, सपाट.
जमेल तेवढं जमवलं.
दोन्ही प्रती तिच्यापुढे ठेवल्या,
त्याच्यासकट आणि त्याच्याशिवाय.

बराच वेळ बघत होती. बोटांना मिठाचा वास.
"ह्येच्यात तो कोणाक बघता?"

काय सांगणार? भिंतीला.
त्या दिवशी माझ्या दुकानाच्या भिंतीला.

रिकामी प्रत तिने पदराखाली घेतली,
पैसे दोन्हींचे दिले.
आता तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर येतो
तेव्हा काचेवरच्या रेघा आठवत नाहीत.
सुनेचा लांबवलेला हात दिसतो,
आणि ती जागा रिकामी नाही वाटत, धरलेली वाटते,
एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी.

काल रविवार होता.
कॅमेरा गळ्यात, पण उचलला नाही.
द्वारकाबाई जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला होत्या,
हाक मारली, ये म्हणाल्या.
बांगड्यांमधल्या त्या पट्टीतून गेलो.
अरुंद आहे.
पाऊल तिरकं टाकावं लागतं.