सुतावरून

फ्रान्सहून पेट्यांत सुटं सुटं आलेलं विमान
माँट्रोझच्या माळावर जोडून उभं राहिलं तेव्हा
आधी कुत्री भुंकली, मग पाद्री हसले.
दोन मजली पंख, मधे तारांचं जाळं,
पुढे वाकवलेल्या लाकडी पट्ट्या, बैलाच्या शिंगांसारख्या,
आणि इंजिन पाठीमागे,
अडून बसलेल्या जनावराला रेटावं तसं रेटणारं.

बंदूक नव्हती. त्याचं काम फक्त बघायचं.
बघायला नेमला लेफ्टनंट क्रूकशँक.
मांडीवर नकाशा,
कोटाच्या बटणाला सुतळीने बांधलेली पेन्सिल.
लढाई लुटुपुटीची: लाल फौज, निळी फौज,
चारला चहा, दोघींचा एकत्र.

वारा समोरून होता.
खालून ॲबर्डीनची गाडी त्यांना मागे टाकून गेली;
खिडकीतल्या पोराने रुमालही हलवला.
मग एस्क नदीच्या वळणावर दिसलं
पांढरं.
हिरव्या उतारावर ओळीने पांढरं, चौकोनी.
गारठल्या बोटांनी त्याने लिहिलं:
शत्रूचे तंबू. चाळीस. कदाचित अधिक.

निळ्यांनी घोडदळ दामटलं.
तिथे इसोबेल डाल्गार्नो, अनवाणी,
झारीने पाणी शिंपीत होती
उन्हात उजळायला पसरलेल्या ताग्यांवर.
जवसाच्या धाग्याचं कापड.
हो, आपण चटणीला कुटतो तोच जवस.
घोडे पाहून ती एवढंच म्हणाली,
कडेकडेने न्या, नाहीतर पुन्हा धुवायचं तुम्ही.

रात्री छावणीत हसून हसून बाकं मोडली.
क्रूकशँक तेवढा कंदील घेऊन विमानाकडे गेला.
उतरताना कुंपणाला लागून फाटलेल्या पंखाला
शिंपी ठिगळ बेतत होता.
ठिगळाच्या काठावर निळा शिक्का,
एस्ककाठच्याच कारखान्याचा.
म्हणजे दिवसभर तो
इसोबेलच्या कापडावर बसून
इसोबेलचं कापड मोजत होता.
सुतावरून स्वर्ग गाठला म्हणतात तो असा,
दोन्ही अर्थांनी.
त्याला आता हसू आलं. शिंप्याला कळेना का.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट सरता सरता,
दुसरं विमान, दुसरी नदी, हिचं नाव त्याला नीट म्हणता येत नव्हतं.
वळणावर पांढरं. ओळीने.
सुतळीला लोंबणारी पेन्सिल त्याने धरली
आणि लिहिलं नाही.
खालून पहिली गोळी येईपर्यंत
तो वाट पाहत राहिला,
कुणीतरी अनवाणी, झारी घेऊन,
त्या ओळींमधून चालत येईल म्हणून.