जेन्ट्स

बागा रस्ता, दुसरा मजला, डावीकडचं दार.
दारावर पितळेची मिशी ठोकलीय,
कुणी चुकू नये म्हणून.
आत मी, एक स्टूल, टिश्यूंची चळत, वेलचीच्या गोळ्या
आणि बिल्ल्यावर मॅनेजरनं ठेवलेलं नाव : सॅम.
कोरगावात मी सोयरू.

भिंतीपलीकडे गाणं बदललं
की बशीतली नाणी वेगळी थरथरतात.
बाहेर ते जे कोण असतात
ते दार मिटताच गळून पडतं.
पोट सुटतं, खांदे उतरतात,
कुणी भांड्याकडे तोंड करून
हळूच 'आई गं' म्हणतं.
दुसरा आत आला
की पोट पुन्हा जाग्यावर.

शनिवारी सांगलीकडचे पाच होते.
पाचांच्या पाठीवर छापलेलं, 'नवरदेवाची गँग'.
खुद्द नवरदेव आरशापुढं उभा राहून
एकच वाक्य घोकत होता,
दर वेळी आवाज थोडा खोल नेत :
'आपल्याला काय फरक पडत नाय.'
चौथ्यांदा जमलं.
टिश्यू न घेता गेला.

मग त्यांचा पैलवान आला, गाल फुगवून.
घोट तोंडातच धरून आणलेला,
तो बेसिनमध्ये सोडला.
'जानेवारीपासून बंद केलीय डॉक्टरनं,
ह्यांना सांगू नका.'
चूळ भरली, केस विस्कटले,
शर्टावर पाणी शिंपडलं, माझ्याकडे वळला :
'वाटतोय का?'
मी नीट बघितलं. इतकी वर्षं बघतोय.
म्हटलं, डावा पाय जरा ओढा,
आणि हसू आधी, मग तोल.
त्यानं दोनदा करून दाखवलं.
दार उघडलं तशी बाहेर आरोळी,
पैलवाऽऽन!
बशीत शंभराची नोट, ओली.

पहाटे शिवोलीच्या पुलावर वारा बोचतो.
कोरगावच्या तिठ्यावर स्कूटर लावताना
बिल्ला खिशात, छाती पुढे.
गावाला मी बाउन्सर म्हणून ठाऊक आहे.
हातांना लिंबाच्या साबणाचा वास मारतो,
तेवढा चहाच्या वाफेत धरून ठेवायचा.

'कितें रे सोयरू,' गाड्यावरचा फोंडू विचारतो,
'काल किती उचलून टाकले?'

मी ग्लास खाली ठेवतो. घाई करत नाही.
पाच, म्हणतो.
सांगलीचे.
एक तर पैलवान होता.